खळ्यावरून खाणीत: चाळणीचा मागोवा

मळणी झालेले धान्य ताटात येण्याआधी चार हातकामांतून जाते. ते सुपात पाखडतात, चाळणीतून चाळतात, पाण्यात रोवळतात आणि शेवटी निवडतात. वाऱ्याने हलके उडते, जाळीने बारीक गळते, पाण्याने जड तळाशी बसते आणि यातून जे निसटते ते डोळा नि बोटे टिपतात. ही कामे ज्या अनाम माणसांनी, बहुधा बायकांनी, शोधून काढली त्यांची नावे कोणत्याही बखरीत नाहीत. पण पुढे सोन्याचे कण, हिरे आणि कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या प्राण्यांचे दात मातीतून वेगळे करण्यासाठी जगात जी साधने वापरली गेली, त्यांचे मूळ शोधत गेलो तर आपण पुन्हा पुन्हा या चार कामांपाशीच येऊन पोहोचतो. चाळणी आपल्याकडे किती जुनी आहे, याचा एक पुरावा ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात सापडतो. तेथील ज्ञानसूक्तात सातूचे पीठ चाळण्याच्या ‘तितउ’ नावाच्या चाळणीचा उल्लेख आहे आणि शहाण्यांनी वाणी निवडून घेण्याला त्या चाळण्याची उपमा दिली आहे. म्हणजे हे सूक्त रचले गेले तेव्हा चाळणी घरोघरी इतकी रुळलेली होती की विचारांच्या शुद्धीसाठीही तीच आठवावी.

धान्यानंतर ही विद्या सोन्याकडे वळली. सोन्याचे विशिष्ट गुरुत्व १९.३ आणि नदीच्या वाळूतल्या गारगोटीचे २.६५. प्रवाह मंदावला की जड कण आधी बसतात, म्हणून नदीच्या वळणाआड, खडकांच्या फटींत आणि जुन्या पात्रांच्या तळाशी सोने आपोआप साठते. नदीने अर्धे काम केलेलेच असते, उरलेले माणसाने करायचे. ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबोने सुमारे २,००० वर्षांपूर्वी लिहून ठेवले आहे की, काळ्या समुद्राकाठच्या कोल्खिस प्रदेशातले लोक ओढ्यांत लोकरीची कातडी अंथरून वाहते सोने धरत. सोनेरी लोकरीची प्राचीन कथा यातूनच जन्मली असावी, असे त्याचे मत होते. आपल्याकडे वैनगंगेच्या खोऱ्यातला सोनझारी समाज नदीची वाळू धुऊन सोने काढत असे. १९१६ साली रसेल आणि हिरालाल यांनी मध्य प्रांतातील जातिजमातींचा जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात या वाळू धुणाऱ्यांची नोंद आहे. सराफकट्ट्यावरचा झारेकरी तर नदीवरही जात नाही. सोनारांच्या दुकानांतली राख आणि केरकचरा धुऊन तो त्यातले सोने वेचतो. जे दुसऱ्याने टाकले त्यात आपले शोधायचे, हे या विद्येचे सूत्र त्याच्या धंद्यात अगदी उघड दिसते.

हिऱ्यांची गोष्ट अधिक अवघड होती. हिऱ्याचे विशिष्ट गुरुत्व साडेतीनच्या आसपास, म्हणजे तो गारगोटीपेक्षा जड खरा, पण सोन्यासारखा तळ गाठणारा नव्हे. शिवाय पैलू न पाडलेला खडा मातीत कोणाच्याही नजरेत भरत नाही. तरीही अठराव्या शतकापर्यंत जगाला हिरे पुरवले ते मुख्यतः भारताने, आणि ते जवळजवळ सगळे धुऊन, चाळून, वेचून काढलेले. कौटिलीय अर्थशास्त्रात वज्राची उगमस्थाने सांगताना खाणीबरोबर वाहत्या प्रवाहाचाही उल्लेख येतो. सहाव्या शतकात वराहमिहिराने बृहत्संहितेत रत्नपरीक्षेचा स्वतंत्र अध्याय लिहिला आणि हिऱ्यांची ठिकाणे रंगांसह नोंदवली. त्यात वेणा नदीच्या काठचे निर्मळ हिरे आहेत आणि शूर्पारकाचे, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्याचे, काळे हिरेही आहेत. सोपारा हे बंदर, तेव्हा तिथे हिरे विकायला येत असतील, निघत नसतील, असे मानणे सयुक्तिक ठरते. वेणा म्हणजे वैनगंगा असे अनेक अभ्यासक मानतात. या तर्काला बळ देणारे गाव आजच्या गडचिरोली जिल्ह्यात आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलने ऐन-ए-अकबरीत वऱ्हाड सुभ्याचे वर्णन करताना ज्या बैरागढच्या हिऱ्याच्या खाणीची नोंद केली, ते हे वैरागड. आज तिथला किल्ला लोकांना ठाऊक असतो, हिरे मात्र विस्मरणात गेले आहेत.

आता आपण कृष्णेच्या काठी जाऊ. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोने आंध्रच्या किनाऱ्यावरील मुत्फिलीचे, म्हणजे मोटुपल्लीच्या राज्याचे, वर्णन केले. त्यात सापांनी भरलेल्या दऱ्या आणि मांसाच्या तुकड्यांना चिकटलेले हिरे उचलणारे गरुड आहेत, पण एक साधी, विश्वासार्ह नोंदही आहे. पावसाचे लोट डोंगरांवरून उतरतात आणि पाणी ओसरल्यावर लोक ओढ्यांच्या पात्रांत हिरे शोधतात, असे तो सांगतो. सात शतके लोटली, तरी कर्नूल आणि अनंतपूरच्या परिसरात जोन्नगिरी, तुग्गली, वज्रकरूर या गावांच्या शिवारांत पहिल्या पावसानंतर आजही माणसे वाकून चालताना दिसतात. पाऊस माती धुतो, वरची बारीक माती वाहून जाते, खडे उघडे पडतात आणि लोक ते न्याहाळतात. इथे चाळणीचे काम आभाळच करते.

या विद्येचे सर्वांत तपशीलवार चित्र आपल्याला दिले ते झां-बाप्तिस्त ताव्हर्निए या फ्रेंच जवाहिऱ्याने. सतराव्या शतकात त्याने पूर्वेकडे सहा प्रवास केले आणि त्यांचा वृत्तांत १६७६ साली प्रसिद्ध झाला. कृष्णाकाठच्या कोल्लूरच्या खाणीवर बायका-मुलांसह सुमारे ६०,००० माणसे काम करत होती, असे तो लिहितो. तिचा शोध त्याच्याही सुमारे शंभर वर्षे आधी लागला होता. पेरणीसाठी जमीन उकरताना एका गरीब माणसाला सुमारे २५ कॅरटचा खडा सापडला आणि गोवळकोंड्याचे व्यापारी तिकडे धावले. पुरुष १०, १२, कधी १४ फूट खोल खणत, पाणी लागेपर्यंत. बायका आणि मुले ती माती जवळच तयार केलेल्या, दोन फूट उंचीच्या भिंतीने वेढलेल्या अंगणात वाहून नेत. खड्ड्यातलेच पाणी उपसून त्या मातीवर ओतायचे, ती भिजून रबडी झाली की भिंतीतली भोके उघडून गढूळ पाणी सोडून द्यायचे, आणि हे दोन-तीन वेळा करायचे. मग उरलेली रेती उन्हात वाळवायची आणि टोपल्यांत घेऊन पाखडायची. इथे ताव्हर्निएला धान्य पाखडणारे शेतकरी आठवतात, आणि ते अगदी योग्य आहे. त्यानंतर राहिलेली ढेकळे लाकडी मुसळांनी फोडून पुन्हा पाखडायची, जमिनीवर पसरायची आणि सगळ्यांनी एका बाजूने ओळीने बसून हाताने हिरे वेचायचे. खळ्यावरची कामे इथेही हजर होती. बदलला होता तो फक्त दाणा.

या कामाचा मोबदला काय होता, हेही ताव्हर्निए लपवत नाही. रावळकोंडा या दुसऱ्या खाणीवरचा मजूर वर्षाला दोन-चार होनांवर राबत होता. मोठा खडा सापडला तर त्याला पागोट्याचे कापड, थोडे पैसे, तांदूळ आणि साखर मिळे. मजुरांनी खडे लपवू नयेत म्हणून राखणदार डोळ्यांत तेल घालून उभे असत, तरीही एकाने डोळ्याच्या कोपऱ्यात हिरा दडवल्याचे तो सांगतो. ज्या निळ्या हिऱ्याची विक्री ताव्हर्निएने चौदाव्या लुईला केली आणि ज्यातून पुढे ‘होप’ हिरा घडला, तो कोल्लूरचाच असावा असे मानतात. तो कोणाच्या बोटांनी रेतीतून उचलला, याची नोंद नाही. कोल्लूरही आज पुलीचिंतला धरणाच्या पाण्याखाली गेले आहे.

भारताची ही मक्तेदारी मोडली अठराव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात, अटलांटिकच्या पलीकडे. ब्राझीलच्या मिनास जेराइस प्रांतात तेजुको गावाच्या आसपास सोने धुणाऱ्यांच्या ‘बातेया’ या पसरट लाकडी परातीत चकचकीत खडे येत. त्यांची किंमत न कळल्याने ते पत्त्यांच्या खेळात मोजणीसाठी वापरले जात. गोव्यात राहून आलेल्या एका माणसाने ते हिरे म्हणून ओळखले, अशी कथा तिथे सांगितली जाते. गोवा तेव्हा हिऱ्यांच्या व्यापाराचे मोठे ठाणे होते, त्यामुळे कच्चा हिरा ओळखणारी नजर तिथून आली असेल तर नवल नाही. १७२९ साली तिथल्या गव्हर्नरने ही बातमी लिस्बनला अधिकृतपणे कळवली. योगायोगाने त्याच वर्षी बाजीराव पेशवे छत्रसालाच्या मदतीला बुंदेलखंडात उतरले होते. छत्रसालाची राजधानी होती पन्ना, आणि पन्नाची हिऱ्यांची भूमी आपल्या गोष्टीत पुढे पुन्हा येणार आहे.

ब्राझीलमध्ये हे काम आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांच्या माथी आले. इंग्रज खनिजतज्ज्ञ जॉन मॉ याने १८१२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रवासवर्णनात ते दृश्य टिपले आहे. उतरत्या लाकडी पाटांवरून पाणी सोडलेले, प्रत्येक पाटात एक माणूस वाकून रेती ढवळतो आहे आणि उंच आसनांवर बसून मुकादम पाहत आहेत. हिरा दिसला की त्या माणसाने ताठ उभे राहायचे, टाळी वाजवायची आणि तो चिमटीत धरून दाखवायचा. खडा साडेसतरा कॅरटचा निघाला, तर त्याच्या डोक्यावर फुलांचा मुकुट चढवून मिरवणुकीने नेत आणि त्याला स्वातंत्र्य देत. साडेसतरा कॅरट म्हणजे साडेतीन ग्रॅम. एका माणसाच्या मुक्ततेची ही किंमत वाचताना आपण क्षणभर थांबलेच पाहिजे. रावळकोंड्यात पागोटे, तेजुकोत मुकुट. खड्याचे मोल वेचणाऱ्याच्या हातात कुठेच राहिले नाही.

पुढचे वळण दक्षिण आफ्रिकेचे. १८६७ साली ऑरेंज नदीजवळच्या होपटाउन परिसरात पहिला हिरा ओळखला गेला आणि १८७० पर्यंत व्हाल नदीकाठी खोदणाऱ्यांची झुंबड उडाली. पाळण्यासारखी हलणारी, एकाखाली एक जाळ्या बसवलेली पेटी हे त्यांचे मुख्य हत्यार होते. किंबर्लीच्या खाणी सुरू झाल्यावर कळले की हिरे मुळात ज्वालामुखीच्या नळ्यांतून वर येतात आणि नद्यांतले हिरे हे त्या खडकांची झीज होऊन वाहत आलेले. म्हणजे भारतातल्या लोकांनी शतकानुशतके जे चाळले ते नदीने आधीच चाळून ठेवलेले होते. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या वर्षांत तिथेच ग्रीस लावलेली थरथरती फळी आली. हिऱ्याला पाणी लागत नाही, ग्रीस मात्र चिकटते. बाकीचे ओले खडे घसरून जातात. त्यानंतर क्ष-किरणांनी चमकणारा हिरा टिपणारी यंत्रे आली आणि मोठ्या खाणींतून माणसाचे बोट हळूहळू मागे हटले.

धंद्यात हाताचे काम असे कमी होण्याआधीच विज्ञानाने चाळणी उचलली होती, आणि आपल्या मागोव्यातले सर्वांत मोठे वळण हेच आहे. तोपर्यंत जीवाश्म शोधणे म्हणजे मोठी हाडे, शंख, पानांचे ठसे शोधणे. इंग्लंडमधल्या सॉमरसेट परगण्यात चार्ल्स मूर या हौशी भूवैज्ञानिकाला होलवेल येथील दगडखाणीत खडकाच्या फटीत साचलेली माती दिसली. १८५८ साली त्याने सुमारे तीन टन माती गाडीने बाथ शहरी नेली आणि ती धुऊन, चाळून, कण न् कण तपासला. त्यातून प्राचीन माशांचे हजारो दात निघाले आणि त्यांच्या गर्दीत मोजकेच, पण अमोल असे, आद्य सस्तन प्राण्यांचे दात सापडले. डायनोसॉरच्या काळात बहुतेक सस्तन प्राणी उंदराएवढे होते, हाडे नाजूक होती, टिकले ते मुख्यतः दात. ते डोळ्यांनी जमिनीवर शोधून सापडणारे नव्हतेच. १८९६ साली अमेरिकेच्या जॉन बेल हॅचरने वायोमिंगमधला आणखी विलक्षण अनुभव लिहिला. तिथल्या मुंग्या आपल्या वारुळांवर बारीक खडे आणून रचतात आणि त्या खड्यांत जीवाश्म दात असतात. हॅचर पीठ चाळायची चाळणी घेऊन वारुळे चाळू लागला आणि एकेका वारुळातून २०० ते ३०० दात आणि जबड्यांचे तुकडे त्याला मिळाले. जिथे जीवाश्म आहेत पण मुंग्या नाहीत, तिथे मुंग्या नेऊन सोडाव्यात, असाही सल्ला त्याने दिला. पुढे क्लॉड हिबर्डने तळाला जाळी मारलेल्या लाकडी पेट्या ओढ्यात बुडवून टनावारी माती धुण्याची पद्धत बसवली आणि १९४९ साली ती लिहून प्रसिद्ध केली. कोल्लूरच्या अंगणात जे होत होते तेच हे काम होते. फरक एवढाच की आता सापडलेल्या कणाबरोबर तो कोणत्या थरातून, कोणत्या जागेवरून आला, याची चिठ्ठी जोडली जात होती.

आणि इथून रस्ता नागपूरला येतो. १८४५ साली स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटिश मिशनरी नागपुरात आला. रॉबर्ट हंटर या सहकाऱ्याबरोबर त्याने आसपासचा मुलूख पायी तुडवला आणि १८५५ साली नागपूर परिसराच्या भूविज्ञानावरचा त्यांचा निबंध लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेच्या नियतकालिकात छापून आला. दख्खनच्या काळ्या पाषाणाचे लाव्हाथर एकाच दमात साचले नाहीत. दोन उद्रेकांच्या मधल्या शांत काळात तळी तयार झाली, त्यांत गाळ साचला आणि मग पुढच्या लाव्हाने तो झाकला. नागपूरलगतच्या टाकळीच्या अशाच गाळात हिस्लॉपला गोड्या पाण्यातले शंख, फळे, बिया आणि भुंग्यांच्या पंखांची कवचे मिळाली. सप्टेंबर १८६३ मध्ये टाकळघाटची प्राचीन शिलावर्तुळे पाहून परतताना, पुराने फुगलेल्या ओढ्यात तो बुडाला. त्याच्या नावाचे महाविद्यालय नागपुरात आहे, पण त्याचे खरे स्मारक एका दातातून उभे राहिले. अमेरिकेत माँटानातल्या जीवाश्मांवर काम करून आलेल्या प्रा. अशोक साहनींनी चंदिगडच्या पंजाब विद्यापीठात सूक्ष्म जीवाश्मांच्या अभ्यासाची परंपरा उभी केली. त्यांच्यासह जी. व्ही. आर. प्रसाद यांनी आजच्या तेलंगणातल्या नस्कल गावाजवळचा लाव्हाथरांमधला गाळ धुऊन चाळला आणि एक-दोन मिलिमीटरचे दात मिळवले. १९८८ साली ‘नेचर’मध्ये त्यांनी जाहीर केले की, क्रेटेशियस, म्हणजे डायनोसॉर युगाच्या अखेरच्या, काळातला भारतातला हा पहिला सस्तन प्राणी. त्याचे नाव ठेवले डेक्कनोलेस्टिस हिस्लॉपी. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाच्या दोन थरांमध्ये, तळ्याकाठी वावरणाऱ्या त्या चिमुकल्या जीवाला दख्खनचे आणि हिस्लॉपचे नाव एकत्र मिळाले.

चाळणीची भोके त्यानंतरही बारीक होत गेली. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळचे पिसदुरा हे डायनोसॉरच्या हाडांसाठी आणि दगड झालेल्या विष्ठेसाठी जुन्या काळापासून प्रसिद्ध आहे. २००५ साली वंदना प्रसाद, कॅरोलिन स्ट्रोमबर्ग, हबीब अलीमोहम्मदियन आणि साहनी यांनी त्या विष्ठेतून वनस्पतींच्या पेशींतले सिलिकाचे सूक्ष्म कण रसायनांनी सोडवून घेतले आणि त्यात गवताचे कण ओळखले, भाताच्या दूरच्या नातलगांचेही. डायनोसॉर असतानाच गवत अवतरले होते, एवढा मोठा निष्कर्ष इतक्या बारीक कणांतून आला. ‘सायन्स’ने तो छापला. वरोऱ्याच्या शेतकऱ्याने बांधावर फेकलेल्या गोट्यात ही माहिती कोट्यवधी वर्षे पडून होती.

आज या रस्त्याची दोन टोके आपल्यासमोर आहेत. पन्नात मझगवाँची यांत्रिक खाण आहे, पण तिच्या भोवती सामान्य माणूस आठ मीटर लांब-रुंद जमिनीचा पट्टा अल्प शुल्कात भाड्याने घेतो, खणतो, ‘चाल’ म्हणतात ती खडीची माती काढतो, धुतो, वाळवतो आणि घरच्यांसह निवडत बसतो. सापडलेला हिरा सरकारी हिरा कार्यालयात जमा होतो, लिलाव होतो आणि सुमारे १२ टक्के स्वामित्वधन वजा जाऊन रक्कम शोधणाऱ्याला मिळते. ताव्हर्निएच्या मजुराच्या पागोट्याच्या तुलनेत हा मोठा न्याय आहे. दुसरे टोक अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यात आहे. तिथे १९०६ साली जॉन हडलस्टन या शेतकऱ्याला आपल्या शेतात हिरे सापडले, १९२४ साली ४०.२३ कॅरटचा ‘अंकल सॅम’ निघाला आणि १९७२ पासून ती जमीन राज्याचे उद्यान आहे. तिकीट काढून कोणीही यावे, पाण्यात गोल चाळण हिंदकळावी, जड खडे मध्यभागी जमले की ती पालथी घालावी आणि वर आलेल्या रेतीत शोधावे. जे सापडेल ते त्याचे. पोटासाठी, जुलमाने आणि ज्ञानासाठी झालेले हे काम तिथे मुले आनंदासाठी करतात आणि त्यांच्या हातून भूविज्ञानाचा पहिला धडा गिरवला जातो.

महाराष्ट्रातल्या मुलांना हा धडा मिळावा, असे मनापासून वाटते. वैरागड, टाकळी, पिसदुरा ही आपली ठिकाणे आहेत. टाकळी नागपूरच्या वस्तीत विरून गेली आहे. बाकीच्यांवर रस्ते, खाणी आणि अज्ञान यांचे संकट आहे. शाळांनी विद्यार्थ्यांना अशा जागा दाखवाव्यात, ओढ्याची ओंजळभर रेती परातीत घेऊन जड-हलके कसे वेगळे होते ते करून पाहावे. मात्र विज्ञानाने चाळणीला जी चिठ्ठी जोडली ती विसरू नये. जागा आणि थर ठाऊक नसलेला जीवाश्म हा केवळ दगड उरतो. म्हणून शेतात, विहिरीच्या खोदकामात किंवा रस्त्याच्या कडेला हाडासारखा, शंखासारखा, दातासारखा दगड दिसला, तर तो उचलून घरी नेऊ नका. आधी जागेची नोंद करा, छायाचित्र घ्या आणि जवळच्या महाविद्यालयाच्या भूविज्ञान विभागाला किंवा नागपूरच्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण कार्यालयाला कळवा.